चिंचोक्यांवरचा डाव

शनिवारच्या खेळाची आठवण काढली की लोक म्हणतात, काय मजा असेल तुमची. मजा होती, नाही असं नाही. पण मला आधी आठवतं ते पाय पसरून बसणं. आठवड्यात तेवढीच एक वेळ अशी यायची की मी भिंतीला पाठ लावून, पाय लांब करून बसायची आणि कोणी मला उठवायचं नाही. बाकीचे दिवस विहिरीचं पाणी, जातं, कंदिलाच्या काचा, दोन लहान मुली आणि मास्तरांची जेवणं यांतच जायचे. तिशीही गाठली नव्हती मी तेव्हा, पण संध्याकाळी चुलीपुढून उठताना कमरेला हात लावूनच उठायची.

मास्तर म्हणजे आमचे हे. प्राथमिक शाळेत होते. बदली झाली म्हणून आम्ही मालवणजवळच्या खाडीच्या तोंडाशी असलेल्या एका गावात आलो, ते पन्नास साल उलटून चार-पाच वर्षं झाल्यावर. माझं माहेर कणकवलीच्या आतल्या अंगाचं, भाताचं आणि काजूचं. समुद्र मी लग्नानंतर पाहिला आणि मला तो फारसा आवडला नाही, हे आताच सांगून टाकते. त्याचं मीठ सगळ्याला लागायचं, कुलपांना, लुगड्यांना, पापडांच्या डब्याला. गावातली माणसं मात्र त्याच्याबद्दल बोलताना घरातल्या तापट वडीलधाऱ्याबद्दल बोलावं तशी जपून बोलायची. मला त्या जपून बोलण्याचाही कंटाळा यायचा.

शनिवारी शाळा सकाळची असे आणि संध्याकाळी मारुतीच्या देवळात भजन. पुरुष मंडळी तिकडे जायची, मुलींनाही हे बरोबर न्यायचे. दिवेलागणीपासून जेवणवेळेपर्यंतचा तो वेळ आम्हा चौघींचा. जमायचो खाडीकाठच्या एका घराच्या पडवीत, कारण त्या घरात पुरुष माणूस नव्हतं आणि फोनो होता. फोनो म्हणजे चावी देऊन चालणारा ग्रामोफोन. तो वाजत असायचा आणि आम्ही सोंगट्या खेळायचो.

जिचं घर होतं तिला आम्ही वैनी म्हणायचो, खरं तर आमच्यात सगळ्यांत लहान तीच. दुसरी दुकानदाराची बायको. तिला काकी म्हणायचो. अंगाने भरलेली, तोंडाने फटकळ आणि खेळात पक्की लबाड, पदर सारखा करता करता सोंगटी दोन घरं पुढे सरकवायची. तिसरी सरकारी दवाखान्यातली नर्सबाई, कोल्हापूरकडची, एकटी राहणारी. तिचा आवाज असा की पलीकडच्या काठाला ऐकू जावा. चौथी मी. वैनी माझी भिडू, काकी आणि नर्सबाई एकमेकींच्या. आणि आत माजघरात, दाराला लागून, वैनीची सासू बसलेली असायची. ती खेळत नसे, पण ऐकत असे. म्हातारीने पाय हलवला तरी वैनीला कळायचं.

पहिल्याच शनिवारी मी घोळ घातला. खेळायला बोलावलंय म्हटल्यावर मी हौसेने माहेरच्या कवड्या घेऊन गेले. आमच्याकडे सोंगट्या कवड्यांवरच खेळायचे, मूठभर कवड्या टाकायच्या आणि उताण्या किती पडल्या ते मोजायचं. पट अंथरलेला होता. मी पिशवी सोडून कवड्या खळकन पटावर ओतल्या. काकीचा हात पानाच्या डब्यावर तसाच राहिला. मग आतून म्हातारी उठून आली, खाली बसली, एकेक कवडी वेचून माझ्या हातात दिली आणि माझी मूठ आपल्या हाताने मिटली.

"आमचो माणूस दर्यार आसा," ती म्हणाली. "आमी कवडे टाकणव नाय."

रागाने म्हणाली नाही. पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नंतर वैनीने हळू आवाजात सांगितलं. गलबतं चालवणाऱ्या घरांमध्ये तिथे रीत अशी की घरातला पुरुष समुद्रावर असेतो कवडी टाकायची नाही. कवडी पालथी पडली तर तिकडे गलबत पालथं पडतं. नारळीपौर्णिमेला गलबतं बाहेर पडली की कवड्या फडक्यात बांधून देवांच्या मागे ठेवायच्या आणि पावसाआधी गलबतं वर ओढून झाली की सोडायच्या. मग पावसाचे चार महिने खुशाल खेळा. तिच्या घरातली ती पुरचुंडी काही वर्षांपूर्वी बांधली होती आणि अजून सोडलेली नव्हती.

वैनीचा नवरा तांडेल होता, गलबतावरचा मुख्य. मंगळुराहून कौलं भरून गलबत निघालं, मोसमातली शेवटची खेप. वैशाखात मोठं वारं सुटलं आणि त्यानंतर त्या गलबताचं काही कळलं नाही. बरोबरची दोन गलबतं मोडक्या डोलकाठ्यांनी परत आली. ह्याची ना फळी आली, ना माणूस, ना कुणी सांगणारा. वैनीच्या लग्नाला पुरती दोन वर्षं झाली नव्हती. ती अठरा-एकोणीस वर्षांची होती.

फळी आली नाही म्हणजे गलबत बुडालं नाही, असं म्हातारीचं म्हणणं. गलबत बुडालं नाही म्हणजे मुलगा आहे. मुलगा आहे म्हणजे तो दर्यावर आहे. आणि तो दर्यावर आहे तोवर ह्या घरात कवडी वाजणार नाही. यातली एक कडी मान्य केली की पुढच्या सगळ्या आपोआप मान्य कराव्या लागायच्या. गावात कोणी तिच्याशी वाद घालत नसे. तिचा नवराही तांडेलच होता आणि त्यालाही समुद्रानेच नेलं होतं, त्यामुळे ह्या बाबतीत तिच्यापुढे कोण बोलणार.

म्हणून आम्ही चिंचोक्यांवर खेळायचो. चिंचोके मधोमध फोडून, सहाणेवर घासून एक बाजू पांढरी करायची. पांढरी बाजू वर आली की दान. चिंचोक्याला म्हातारीची हरकत नव्हती, कारण चिंचोका झाडावरचा, त्याचा समुद्राशी काही संबंध नाही. काकी म्हणायची की चिंचोक्यांवर खेळणं म्हणजे पाण्यातली पेज. कवड्यांचा आवाज नाही, हाताला वजन नाही. पण खेळायची, आणि लबाडीही करायची.

आता त्या फोनोचं सांगते. तो वैनीच्या नवऱ्याने मुंबईहून आणलेला. तो घरी असला की शनिवारी भजनाला न जाता फोनो लावून बसायचा, म्हणून तो गेल्यावरही शनिवारी फोनो लागला पाहिजे हा म्हातारीचा हुकूम. घर त्याने सोडलं तसं राहायला हवं. आम्हाला बोलावलं जायचं तेही बहुतेक म्हणूनच, आवाज असावा म्हणून. तबकड्या थोड्याच होत्या, दोन-चार नाटकातली पदं, एक अभंग, आणि एक कुठल्यातरी परक्या मुलखातली, जिच्यात बाई इतकी उंच आवाजात गायची की नर्सबाई दर वेळी म्हणायची, हिची सुटका जवळ आलीय. लोखंडी टाचण्या कधीच संपल्या होत्या. वैनी करवंदीचा काटा लावायची. काट्यावर गाणं बारीक वाजायचं, शेजारच्या खोलीत कोणी स्वतःशी गुणगुणतंय असं. ते मला आवडायचं. दिवसभराच्या खडखडाटानंतर तेवढाच आवाज सोसायचा.

पण वैनीला त्या गाण्यांचा वीट आला होता. हे तिने कधी सांगितलं नाही. मला कळलं ते तिच्या हातावरून. चावी संपत आली की गायकाचा आवाज जड होत होत घोगरा व्हायचा, आणि तिने जरा उशीर केला की आतून म्हातारीचा आवाज यायचा, चावी दे गो. वैनी उठायची, चावी फिरवायची, परत यायची, दान टाकायची. तोंडावर काही नाही. तीच गाणी, दर शनिवारी, त्याच क्रमाने. चोख नोकरी बजावल्यासारखी ती गाणं वाजवायची.

वैनीचं सगळंच तसं होतं. कपाळभर कुंकू, हातभर बांगड्या. वटपौर्णिमेला वडाला सूत गुंडाळायची, मंगळागौरी जागवायची, संध्याकाळी खाडीकडच्या खिडकीत दिवा ठेवायची. गावातल्या बायका तिला पहिली ओटी भरायला बोलवायच्या, का, तर हिचं कुंकू किती बळकट, समुद्रालाही पुसता आलं नाही. असं म्हणायच्या त्या, तोंडावर. ती मान खाली घालायची. माहेरी राहायला जायचं नाही, कारण तो आला तर दारात कोण? दुसरं काही करायचं नाही, कारण तो आला तर काय म्हणेल? मी तिला एकदा विचारलं की तुला तो आठवतो का. तिने जरा विचार केला आणि म्हणाली की आवाज आठवतो, तोंड नीट आठवत नाही. मग म्हणाली, आवाजही कदाचित तबकडीतलाच असेल.

अशी वर्षं गेली. आम्हाला काही त्यात दुःख वाटायचं नाही, सवय झाली होती. माणसाला स्वतःचंच इतकं असतं. माझी धाकटी मुलगी गेली त्या काळात, नर्सबाईने रात्रंदिवस केलं तरी गेली. त्यानंतर काही शनिवार मी नुसती भिंतीला टेकून बसायची आणि माझे चिंचोकेही वैनीच टाकायची. कोणी मला खेळ म्हणालं नाही, नको म्हणालं नाही. ते उपकार मी विसरले नाही.

गोवा मोकळा झाला, तेव्हा म्हातारीला नवी आशा लागली. गलबत वाऱ्याने भरकटून गोव्याच्या हद्दीत गेलं असेल, पोर्तुगिजांनी माणसं धरून ठेवली असतील, आता तुरुंग उघडले की येईल. तिने मुंबईला कायमच्या राहिलेल्या आपल्या धाकट्या मुलाला पणजीला पाठवलं. तो आठ-दहा दिवस हिंडला, विचारलं, आणि रिकाम्या हाताने आला. त्या दिवसांत फोनो रोज वाजत होता. खिडकीतल्या दिव्याची वात दुप्पट झाली होती. थोरल्याचा पत्ता लागला नाही, तेव्हा म्हातारी म्हणाली की त्याला मोठ्या जहाजातून पार तिकडे पोर्तुगालला नेलं असणार. वैनी मात्र त्या वेळी कुणाच्याही लक्षात न येता बदलली. इतकी वर्षं तिलाही कुठेतरी वाटत असावं, गोवा उघडला की कळेल. गोवा उघडला आणि काही कळलं नाही. तिथून पुढे तिची वाट बघणं संपलं, फक्त वाट बघण्याचं काम राहिलं.

त्याच सुमाराला नर्सबाईने एक गोष्ट काढली. सावंतवाडीला बायकांना सुईणपणाचं शिकवत होते, राहायची-जेवायची सोय होती, पुढे कुठल्याही गावच्या दवाखान्यात काम मिळालं असतं. वैनीचा हात हलका, जीव शांत, नर्सबाईबरोबर दोन-तीन बाळंतपणांना ती गेलीही होती. नर्सबाई म्हातारीला स्वतः जाऊन बोलली. म्हातारीने ऐकून घेतलं, चहा दिला, आणि म्हणाली की बाहेर राहणारी सून त्याला चालणार नाही, तो आल्यावर त्याला विचारू.

नर्सबाई बाहेर येऊन पडवीत बसली ती इतकी संतापली होती की तिने आपली पिकायला आलेली सोंगटी काकीला मारू दिली. काकी तिचीच भिडू आहे हे तिच्या ध्यानातच नव्हतं, आणि काकीच्याही नव्हतं.

मग तो शनिवार आला. पाऊस सरत आला होता, भात निसवत होतं. डाव रंगात होता आणि आम्ही जिंकत होतो, वैनीची शेवटची सोंगटी घरात यायची बाकी होती. फोनोची चावी संपायला आली. अभंग होता. गायक सावकाश होत गेला, मग आजाऱ्यासारखा कण्हायला लागला. वैनीच्या हातात चिंचोके होते. ती उठली नाही. मी तिच्याकडे पाहिलं. आवाज खाली खाली गेला आणि थांबला. इतक्या वर्षांत तो पुरता थांबलेला मी कधी ऐकला नव्हता.

आतून म्हातारी म्हणाली, चावी दे गो.

वैनीने चिंचोके खाली ठेवले. आमच्याकडे बघत नव्हती, दाराकडे बघत होती.

"माका आता जमणा नाय," ती म्हणाली. "तो मेलो म्हणान माका कोणीतरी एकदा सांगा."

आत काही हललं नाही. काकीने कानांवर हात ठेवले. कुठली बाई आपल्या तोंडाने कुंकू पुसायचं मागते, असं म्हणत ती उठली, चपला घालून चालती झाली. नर्सबाई वैनीचा हात धरून बसली. मला काय वाटलं ते खरं सांगायचं तर मला आधी थकवा आला. आता हे सगळं निस्तरावं लागणार, रडारड होणार, गावात तोंडं सुटणार, आणि शनिवार संपणार. तिच्या बाजूने मला वाटलं ते नंतर, घरी जाताना. तेव्हा मात्र इतकं वाटलं की वाटेत मी एका दगडी गडग्यावर बसले आणि रडले.

भटजी काय म्हणतात ते नर्सबाईने विचारून आणलं. नाहीशा झालेल्या माणसाची बारा वर्षं वाट बघायची. मग पळसाच्या पानांचा माणूस करून त्याला अग्नी द्यायचा, दहावं-तेरावं करायचं. बारा वर्षं होऊन गेली होती. फक्त घरातल्या वडील माणसाने तोंडाने म्हणायला हवं होतं की आता करा. म्हणजे म्हातारीने.

पुढे काही शनिवार कोणी गेलं नाही. काकी दुकानाच्या दारातून माझ्याकडे बघून तोंड फिरवायची. मी घरी बसून मुलीच्या केसांतल्या उवा काढायची आणि वेळ जायचा नाही. भजन देवळातून ऐकू यायचं. ते पुरुषांचं भजन मला कधी इतकं लांबलेलं वाटलं नव्हतं.

एके शनिवारी दुपारी म्हातारीचा निरोप आला, तिघींनीही यायचं. काकीनेही. आम्ही गेलो. पडवीत पट अंथरलेला होता, सोंगट्या मांडलेल्या, आणि माझ्या जागेवर म्हातारी बसली होती. फोनो झाकलेला होता. वैनी खांबाला धरून उभी. म्हातारीने आम्हाला बसा म्हटलं आणि वैनीला देवांच्या मागची पुरचुंडी आणायला सांगितलं.

वैनीने आणली. फडकं कुजायला आलं होतं. म्हातारीने गाठ सोडायचा प्रयत्न केला, सुटेना, तेव्हा दाताने तोडली. कवड्या पिवळ्या पडल्या होत्या. तिने त्या दोन्ही हातांत घेतल्या, कपाळाला लावल्या आणि पटावर टाकल्या. केवढा आवाज झाला. चिंचोक्यांच्या इतक्या वर्षांनंतर मी दचकलेच.

काही उताण्या पडल्या, काही पालथ्या. म्हातारी बघत राहिली. मग पुढे वाकून तिने उताण्या पडलेल्या कवड्या एकेक करून आपल्या हाताने पालथ्या केल्या. सावकाश. एक गुळगुळीत कवडी दोनदा निसटली, ती पुन्हा धरून पालथी केली. शेवटची झाल्यावर पटावर एकही कवडी उताणी राहिली नव्हती.

"बुडलो," ती म्हणाली. "माझो झील बुडलो. भटाक बोलवा."

आणि ती उठून आत गेली. काकी सगळ्यांत मोठ्याने रडली. मी कवड्यांना हात लावायला धजले नाही. वैनी तशीच खांबाला धरून उभी होती आणि तिचं तोंड असं झालं होतं की मला तिच्याकडे बघवेना.

विधी झाला. धाकटा दीर मुंबईहून आला, त्याने अग्नी दिला. बांगड्या फोडायला बायका जमल्या होत्या, पण नर्सबाईने त्यांना दारातच थांबवलं आणि साबणाच्या पाण्याने वैनीच्या बांगड्या एकेक करून उतरवल्या, एकही फुटू दिली नाही. वैनीने स्वतः मागितलेलं होतं हे, तरी ती तीन दिवस रडली. ज्याचं तोंड आठवत नव्हतं त्याच्यासाठी रडली. मला वाटतं त्याच्यासाठी तिला तेव्हाच पहिल्यांदा रडता आलं.

तेराव्यानंतर एका संध्याकाळी मी गेले तर ती पडवीत एकटी बसून फोनो ऐकत होती. नाटकातलं पद होतं. कोणी लाव म्हटलं नव्हतं. पद संपेपर्यंत ती बोलली नाही, मग म्हणाली की हा माणूस चांगला गातो गो, मी कधी ऐकलंच नव्हतं. चैत्रात ती सावंतवाडीला गेली. ट्रंक काकीने दिली, आत दोन किलो साखर घालून.

शनिवार बंद पडले नाहीत. चौथा हात हवा म्हणून म्हातारी बसायला लागली. माझी भिडू. ती कवड्यांवर विलक्षण चांगली खेळायची, हवं ते दान पाडायची, काकीची लबाडी एका नजरेत धरायची. एवढा खेळ हिच्या अंगात होता आणि ही इतकी वर्षं दाराआड बसून चिंचोक्यांची पुटपुट ऐकत राहिली. फोनो मात्र आता कोणी लावायचं नाही. लावू का, असं मी एकदा विचारलं, तर नको म्हणाली, तिच्याशिवाय कशाला.

पुढच्या वर्षी आमची तळेऱ्याच्या बाजूला बदली झाली. जायच्या आधीच्या शनिवारी नर्सबाई बाळंतपणाला गेली होती, काकीच्या घरी पाहुणे होते. आम्ही दोघीच. दोघींनी दोन-दोन रंग घेऊन खेळत होतो, म्हणजे खेळाच्या नावाने बसलो होतो. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं की तुम्ही त्या दिवशी फार धीर केलात. शेवटी तुम्हाला कधी पटलं, की तो नाही.

म्हातारीने कवड्या गोळा केल्या. टाकल्या नाहीत.

"तो गेलो तां माका त्याच पावसात ठावक होता," ती म्हणाली. "दर्याक काय मी आज वळखतंय? पण तां तोंडान बोललंय असतंय तर ह्या चेडू म्हायेराक गेला असता. मगे माका कोण होता?"

बारा वर्षं. वडाला सूत, खिडकीत दिवा, दर शनिवारी चावी. अठरा वर्षांची मुलगी घरात ठेवून घ्यायला तिने मेलेला मुलगा जिवंत ठेवला होता. मला संताप आला, डोक्यात घाव बसावा तसा आला. काय काय बोलायचं होतं. आणि दारातून दिसणाऱ्या आतल्या चुलीवर एका माणसाचा भात शिजत होता, बोळक्याएवढ्या मडक्यात, आणि ती माझ्याकडे अशी बघत होती की मी आता उठून जाणार की डाव पुरा करणार. माझ्या अंगात भांडायचं त्राण नव्हतं. डाव पुरा केला. ती जिंकली.

वैनी मला पुढे दोन वर्षांनी भेटली, सावंतवाडीच्या एसटी स्टँडवर. पांढरं लुगडं, हातात औषधांची पेटी, चालणं भराभरा. अंगाने भरली होती. कुठल्यातरी खेड्यात बाळंतपण करून परत चालली होती, आणि रात्रभर जागरण झालेलं असूनही हसत होती. दर महिन्याला ती म्हातारीकडे जाऊन येते, पावसाआधी तिला आपल्याकडेच आणणार आहे, असं तिने सांगितलं. घर खोलीएवढं आहे, पण दोघींना पुरेल. मी म्हटलं, कशाला ओढवून घेतेस, तुझं तू बघ आता. ते जरा जास्तच जोरात म्हटलं असावं, कारण ती माझ्याकडे बघायला लागली.

"त्या बायन माझ्यासाठी आपल्या झिलाक मारल्यान," ती म्हणाली. "आपल्या हातान. इतक्या कोण करता कोणासाठी?"

माझी गाडी लागली होती. कंडक्टर हाका मारत होता. कोणी करत नाही, असं मी म्हटलं आणि गाडीत चढले. ती खिडकीखाली उभी राहून विचारत होती की म्हातारीला काय सांगू, मास्तरीणबाई भेटल्या म्हणून सांगू ना. सांग, मी म्हटलं. आणखी काही नको सांगू, नुसतं भेटल्या म्हणून सांग.